टायरमधलं पंक्चर-जेल: कधी भरायचं, किती भरायचं आणि चाकाचा तोल त्यानं कितपत सांभाळला जातो

मागच्या महिन्यात एका रविवारी गाडी धुताना मागच्या टायरमध्ये खिळ्याचं डोकं चमकताना दिसलं. रस्त्यावर घासून घासून ते आरशासारखं झालं होतं, म्हणजे खिळा बरेच दिवस माझ्याबरोबर फिरत होता. पकडीनं ओढला तर चांगला सव्वा इंचाचा निघाला. भोकातून, आत आधीच भरून ठेवलेल्या जेलचा, म्हणजे भोक आपोआप बुजवणाऱ्या घट्टसर द्रवाचा, हिरवट थेंब आला, दोन-चार बुडबुडे आले. भोक खाली जमिनीकडं येईल असं चाक फिरवून थोडा वेळ ठेवलं, मग गाडी आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला एक चक्कर मारून आणली आणि हवा मोजली. ३० पीएसआय भरलेली होती, २८ शिल्लक होती.

हे वाचून कुणी आजच बाटली आणायला निघेल, म्हणून माझं मत आधीच सांगतो. टायर चांगला असेल, रिम सरळ असेल आणि चाक आधी वजनं लावून तोललेलं असेल, तरच टायरमध्ये जेल घालावं. घालायचं तर मोजून. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि वर गाडी थरथरायला लागते. मी दोन्ही अनुभवलंय.

मी गेली बारा वर्षं शहरातून गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मोटारसायकलनं कामाला जातो. या पट्ट्यात टायरचे शत्रू कमी नाहीत. शिरोली, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव या भागांत लेथवरून निघालेल्या लोखंडी चिप्स भंगाराच्या टेम्पोतून सांडतात; त्यांना कडेनं वस्तऱ्यासारखी धार असते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून तारांचे तुकडे, नट, पिना गळतात. बांधाकडेच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे असतातच. त्यात पावसाळा आला की रबर ओलं होतं आणि ओल्या रबरात टोकदार वस्तू सहज घुसते. आमच्या गल्लीतले पंक्चरवाले मामा दरवर्षी म्हणतात, "पहिला पाऊस पडला की माझा हंगाम सुरू." त्यामागं हेच कारण आहे.

टायरमध्ये गेल्यावर जेल काय करतं

बहुतेक बाटल्यांमध्ये ग्लायकॉल आणि पाणी हा मूळ द्रव असतो. ग्लायकॉल म्हणजे रेडिएटरच्या कूलंटमध्ये असतं तेच. ते सहजासहजी वाळत नाही, म्हणून जेल टायरमध्ये ओलं राहतं. त्यात बारीक तंतू आणि रबराचे किंवा तसलेच कण मिसळलेले असतात. चांगल्या जेलमध्ये गंज रोखणारं रसायनही असतं. दुसरा प्रकार लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा. तो मुख्यतः सायकलच्या टायरसाठी चालतो. काही महिन्यांत वाळून आत त्याची कातडी होते. मोटारसायकलला ग्लायकॉलचं जेलच घ्यावं.

चाक फिरायला लागलं की जेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या आतल्या अंगाला त्याचा थर बसतो. हा जोर किती असतो? १७ इंची चाकाची गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली, तर आतलं जेल स्वतःच्या वजनाच्या सुमारे नव्वदपट जोरानं रबरावर दाबलं जातं. आता खिळा घुसला आणि निघाला, की आतली हवा बाहेर पडायला धावते आणि वाटेतलं जेल भोकात ढकलते. उसाला पाणी पाजताना पाटाच्या तोंडाशी काडीकचरा अडकतो, त्यावर पाला बसतो आणि पाणी तुंबतं, तसंच भोकात तंतू आडवे अडकतात, त्यांच्यामागं कण साठतात आणि वाट बंद होते. हवेचा दाबच ती गुडदी घट्ट करतो.

यावरून मर्यादाही कळतात. भोक पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर तंतू ते पेलतात. चिपेनं दिलेली लांब चीर ते सांधू शकत नाहीत. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडलं तर जेल तिथं नसतंच, आणि असलं तरी ती भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्यामुळं बसलेली गुडदी निघून जाते. बाजूच्या भिंतीला कापलेला टायर बदलायचाच. तिथं जेल, पट्टी, काहीही करून पुढं रेटू नये.

ट्यूबवाल्यांसाठी वेगळं बोलायला हवं. तारांच्या रिमच्या बऱ्याच गाड्यांना अजून ट्यूब असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं तशीच गाडी होती. जूनच्या अखेरीस करूळ घाट चढताना अंधार पडायच्या वेळी मागचं चाक एकदम बसलं. मुलगी मागं बसलेली, पाऊस चालू. गाडी ढकलत वळणावरच्या रुंद जागेपर्यंत आणली. शेवटी गगनबावड्याकडं जाणाऱ्या एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं आम्हाला आणि गाडीला घेतलं. ट्यूब काढल्यावर बघितलं तर बोटभर लांब फाटली होती. ट्यूब फुगवलेल्या फुग्यासारखी ताणलेली असते. खिळा टायर आणि ट्यूबमध्ये हलत राहिला की भोकाची चीर होते. त्या दिवशी आत जेल असतं तरी काही उपयोग झाला नसता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ट्यूबमध्ये जेल बाभळीचा काटा किंवा बारीक तार रोखतं, तेवढ्यासाठी भरायचं तर जरूर भरा, पण बाटलीवर ‘ट्यूबसाठी’ असं लिहिलेलं बघून घ्या. घाटातून डबलसीट जाताना त्याच्यावर विसंबू नका. ट्यूबलेसमध्ये मात्र रबर खिळ्याला चारी बाजूंनी आवळून धरतं, हवा हळू जाते आणि जेलला काम करायला वेळ मिळतो.

बाटली आणण्याआधी

टायर आधी डोळ्यांनी आणि हातानं तपासा. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेला त्यांच्या रेषेत त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. रबर झिजून त्या उंचवट्यांपर्यंत आलं असेल तर त्या टायरमध्ये जेल घालणं म्हणजे पैसा वाया घालवणं, टायर बदला. टायरचं वयही बघा. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उन्हात काढलेल्या टायरच्या भिंतीला बारीक भेगा पडलेल्या असतील तर खाचा शिल्लक असूनही तो टायर गेलेला समजा.

मग चाक उचलून हातानं फिरवा आणि रिमच्या कडेजवळ एक काडी स्थिर धरा. काडी आणि रिममधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर रिमला आऊट आहे, म्हणजे ती वाकडी झालीय. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा; खटखट लागली तर बेअरिंग गेलंय. हे दोष जेलनं लपतात, बरे होत नाहीत, आणि पुढं कारण शोधणं अवघड होतं. आजवर हवा वारंवार कमी होत असेल तर साबणाचं पाणी टायरच्या कडेला आणि व्हॉल्व्हच्या बुडाला लावून बुडबुडे येतात का ते बघा. अलॉय रिमच्या कडेला पांढरट गंज चढला की तिथून हवा गळते. ती कड खरवडून साफ करणं हाच उपाय.

बाटली घेताना तिच्यावर तीन गोष्टी शोधतो. मोटारसायकलसाठी आणि रस्त्यावरच्या वेगासाठी आहे असा स्पष्ट उल्लेख, कारण काही जेल शेतातल्या किंवा बागेतल्या सावकाश चालणाऱ्या यंत्रांसाठी असतात. गंजरोधक असल्याचा उल्लेख. आणि आकारानुसार किती भरायचं याचा तक्ता. गाडीत हवा दाखवणारा सेन्सर असेल तर त्याला चालणारं आहे का, तेही बघा, नाहीतर सेन्सरचं तोंड बुजतं. टायर नवा असेल आणि त्यावर वॉरंटी चालू असेल तर विक्रेत्याला आधी विचारलेलं बरं.

फवारणीचा डबा ही वेगळी वस्तू आहे. त्यात फेस आणि दाबाखालचा वायू एकत्र असतो, पंक्चर झाल्यावर गावापर्यंत पोचण्यापुरती. काहींमध्ये ज्वालाग्राही वायू असतो, म्हणून तो वापरला असेल तर टायर उघडणाऱ्याला आवर्जून सांगा.

किती भरायचं

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. १००/९०-१७ हा मागच्या टायरचा सर्वसाधारण आकार घ्या. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६१ सेंटीमीटर, म्हणजे घेर जवळजवळ १.९ मीटर. आतल्या अंगाला जो पट्टा जेलनं झाकायचा तो साधारण १२ सेंटीमीटर रुंद. क्षेत्रफळ झालं पाव चौरस मीटरच्या थोडं खाली. त्यात २५० मिलिलिटर जेल पसरलं तर सुमारे एक मिलिमीटरचा थर बसतो. बारीक खिळ्यासाठी इतका थर पुरतो. स्कूटरच्या ९०/१००-१० टायरला हाच हिशेब केला तर दीडशे मिलिलिटरच्या आसपास येतो. पहिल्यांदा भरताना थोडं व्हॉल्व्हमध्ये, बाजूच्या भिंतींवर राहतं, म्हणून बाटलीवरच्या तक्त्यात थोडं जास्त दिलेलं असतं. तक्त्याचंच ऐका, माझा हिशेब त्या आकड्याच्या जवळपास येतो की नाही एवढं पडताळायला.

"जास्त घातलं तर जास्त चांगलं" असं वाटतं. घरच्या स्कूटरच्या पुढच्या चाकात एका दुकानात मी समोर उभा असताना अर्धा लिटरची जवळजवळ सगळी बाटली रिकामी केली गेली. मी थांबवायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून बायकोची तक्रार सुरू झाली: सकाळी घरातून निघाल्यावर पहिला किलोमीटर-दीड किलोमीटर हँडल थरथरतं, मग शांत होतं. कारण उघड होतं. रात्रभर सगळं जेल चाकाच्या तळाला साठायचं, आणि एवढं जेल घेरभर पसरायला वेळ लागायचा. शेवटी टायर काढून धुतला आणि मोजून भरला. तेव्हापासून थरथर नाही.

भरायची पद्धत

सामान थोडंच लागतं. जेलची बाटली आणि तिची नळी, व्हॉल्व्हची पिन काढायची छोटी किल्ली (सायकलच्या दुकानात मिळते), हवा मोजायचं मीटर, पायपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप, साबणाचं पाणी, दोन जुनी फडकी, एक वाटी आणि खडू. काम सकाळी करा, टायर गार असताना.

गाडी मेन स्टँडवर लावा. मागचं चाक आपोआप उचललं जातं. पुढच्यासाठी इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक द्या, पण सायलेन्सरच्या नळीवर भार येणार नाही असं बघून. ही पायरी टाळू नका. ट्यूबलेस टायरमधली हवा पूर्ण काढल्यावर चाकावर गाडीचं वजन असेल तर टायरची कड रिमवरून सुटू शकते, आणि मग पायपंपानं ती बसत नाही. मोठ्या कॉम्प्रेसरकडं चाक न्यावं लागतं.

चाक असं फिरवा की व्हॉल्व्ह घड्याळात चार किंवा आठ वाजतात त्या जागी येईल. अगदी खाली असेल तर जेल उलटं वाहून येतं. अगदी वर असेल तर जेल समोरच्या भिंतीवर पडण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडाशीच थांबतं. टोपी काढा, पिन दाबून हवा सोडा, आणि हवा पूर्ण गेल्यावरच किल्लीनं पिन काढा. हवा असताना काढली तर ती गोळीसारखी उडते आणि मग अंगणातल्या मातीत शोधत बसावं लागतं. पिन वाटीत ठेवा.

आता बाटली किमान मिनिटभर जोरात हलवा. तंतू तळाला बसलेले असतात. न हलवता ओतलं तर आधी पातळ पाणी आत जातं आणि शेवटी बाटलीत नुसता लगदा उरतो. बाटलीवर खुणा नसतील तर खडूनं किंवा पेननं आपल्या मापाची रेघ आधीच मारून ठेवा. नळी व्हॉल्व्हवर घट्ट बसवा आणि बाटली दाबत राहा. प्रत्येक दाबानंतर बाटली फुगू द्यायची. मध्येच आत जात नाही असं वाटलं तर जास्त जोर लावू नका, नळी निसटून जेल अंगावर येतं. नळी काढा, व्हॉल्व्ह वर घ्या, पंपाचे दोन-तीन ठोके मारा, वाट मोकळी झाली की पुन्हा सुरू करा.

माप पूर्ण झालं की चाक फिरवून व्हॉल्व्ह बरोब्बर वर, बारा वाजतात तिथं आणा. पिन न लावताच पंपाचे पाच-सात ठोके मारा, म्हणजे व्हॉल्व्हच्या नळीत राहिलेलं जेल आत जातं. व्हॉल्व्हचं तोंड फडक्यानं पुसा, पिन पुसून हलक्या हातानं आवळा. ती जास्त आवळली की आतलं छोटं रबर चिरतं. गाडीवर, चेनच्या कव्हरवर किंवा फोर्कजवळ स्टिकरवर दिलेली हवा भरा. साध्या १००-१२५ सीसीच्या गाड्यांना पुढं पंचवीसच्या आसपास, मागं अठ्ठावीस-तीस, आणि डबलसीटला मागं त्याहून जास्त असतं. पण तुमच्या गाडीचा आकडा तिच्यावरच लिहिलेला आहे, तोच भरा. व्हॉल्व्हला आणि दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावून बघा.

डिस्क ब्रेक असेल तर इथं थांबा आणि डिस्क नीट बघा. ग्लायकॉल निसरडं असतं, त्याचा एक थेंब डिस्कवर किंवा पॅडवर गेला तरी ब्रेक कमी लागतो. काम सुरू करायच्या आधीच डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. तरी सांडलंच तर डिस्क साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी पुसा. पॅडमध्ये मुरलं असेल तर पॅड बदला.

लगेच गाडी काढा. जेल पसरवण्याचं काम चाकानंच करायचं असतं. आधी गल्लीत दोन्ही ब्रेक दोन-तीनदा लावून खात्री करा, मग ताशी तीस-चाळीसच्या वेगानं सात-आठ किलोमीटर फिरा. मी रिंगरोडला जातो, सकाळी रस्ता मोकळा असतो. दुसऱ्या दिवशी टायर गार असताना हवा पुन्हा मोजा. इथून पुढं कधीही हवा मोजताना व्हॉल्व्ह वर आणून दोन मिनिटं थांबायचं. नाहीतर जेल पिनेत आणि पंपवाल्याच्या मीटरमध्ये शिरतं. पेट्रोल पंपावरचा पोरगा घाईत असतो, त्याला हे स्वतः सांगावं लागतं.

चाकाचा तोल

या विषयावर दुकानांत सगळ्यात जास्त बढाया ऐकू येतात, म्हणून जरा खोलात जाऊ.

टायर किंवा रिमचा एखादा भाग इतरांपेक्षा थोडा जड असतोच. समजा रिमच्या एका बाजूला २० ग्रॅम जास्त आहेत. ताशी ४० च्या वेगाला तो भाग बाहेरच्या दिशेनं साधारण ६०० ग्रॅमच्या जोरानं ओढतो. ताशी ८० ला तोच जोर चौपट, म्हणजे सुमारे २.४ किलो होतो, आणि चाक सेकंदाला साडेअकरा फेरे घेत असतं. म्हणजे सेकंदाला साडेअकरा वेळा कुणीतरी चाकाला अडीच किलोचा हिसका देतंय. हँडलला बारीक थरथर जाणवते ती त्यामुळं, आणि हायवेवर चढल्यावरच ती का जाणवते हेही या आकड्यांतून कळतं.

जेल यात काय मदत करतं, हे समजायला वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन आठवा. त्याच्या ड्रमच्या वरच्या कड्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. कपडे एका बाजूला गोळा झाले की ड्रम सुरुवातीला सावकाश फिरताना धडधडतो, आणि पूर्ण वेग घेतला की शांत होतो. कारण वेग एका ठराविक पातळीपलीकडं गेला की ड्रम आपल्या मधल्या दांड्याभोवती न फिरता वजनाच्या खऱ्या मध्याभोवती फिरू लागतो. तो मध्य जड बाजूकडं सरकलेला असतो, म्हणून हलकी बाजू फिरण्याच्या मध्यापासून जास्त लांब जाते, आणि पाणी नेहमी लांबच्या बाजूला धावतं. हलक्या बाजूला पाणी गेलं की तोल जुळतो.

चाक शॉकॲब्सॉर्बरवर वर-खाली हलू शकतं, म्हणून टायरमधलं जेलही तेच करू शकतं. पण ‘ठराविक वेगापलीकडं’ हे शब्द विसरू नका. त्या वेगाच्या खाली तेच द्रव जड बाजूला जमून धडधड वाढवू शकतं. मोटारसायकलच्या चाकासाठी ही पातळी शहरातल्या वेगापेक्षा बरीच वर असते. दसरा चौकापासून बिंदू चौकापर्यंत जेलनं तोल सांभाळल्याचं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. पुणे–बेंगळुरू हायवेवर, कागलच्या पुढं लांब सरळ रस्त्यावर, एकाच वेगानं पाच-दहा मिनिटं गाडी चालली की घट्ट जेल हळूहळू जागा घेतं आणि थरथर कमी झाल्याचं जाणवू शकतं. आणखी एक अडचण आहे: पातळ जेल पटकन जागा घेतं, पण गाडी उभी राहिली की तळाला साठतं, घट्ट जेल तळाला साठत नाही, पण जागा घ्यायला वेळ लावतं. दोन्ही गुण एकाच बाटलीत पूर्ण मिळत नाहीत. मी घट्टच घेतो.

म्हणून जेल भरण्याआधी चाक वजनांनी तोलून घ्या. टायर बदलतानाच सांगा. उद्यमनगरच्या बाजूला दुचाकीचं चाक तोलून देणारे आहेत. घरी करायचं असेल तर पुढचं चाक काढा, ॲक्सल चाकात घालून तिची दोन टोकं सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर ठेवा. चाक हलकेच फिरवून सोडा. थांबल्यावर सगळ्यात खाली आलेल्या जागी खडूची खूण करा. तीन-चारदा तीच खूण खाली आली तर ती जड बाजू. तिच्या बरोबर समोर, म्हणजे सगळ्यात वर, रिमवर ५ ग्रॅमचं चिकटणारं वजन लावा आणि पुन्हा बघा. चाक कुठंही सोडलं तरी तिथंच थांबलं की तोल जमला. वजन चिकटवायची जागा आधी थिनरनं पुसून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात ते पडतं. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी बाजू; बसवतानाच ती व्हॉल्व्हच्या अगदी जवळ, त्याच्याच रेषेत ठेवली तर निम्मं काम तिथंच होतं.

जेल भरल्यानंतर मात्र चाक तोलायच्या मशिनवर लावू नका. जेल सरकत असल्यामुळं दर वेळी मशीन वेगळाच आकडा दाखवतं आणि कारागीर उगाच वजनं लावत बसतो.

खिळा सापडल्यावर

आठवड्यातून एकदा चाक हातानं फिरवून खिळे बघायची सवय जेल भरल्यावर तर जास्तच पाळा. पूर्वी हवा जाऊन खिळ्याची वर्दी मिळायची. आता ती मिळत नाही, आणि टायरमध्ये राहिलेला खिळा हलून हलून भोक मोठं करत राहतो. त्या भोकातून पाणी आत शिरून टायरचे धागे खराब होतात ते वेगळंच.

खिळा दिसला की आधी हवा मोजा. मग पकडीनं ज्या तिरकस दिशेनं तो घुसलाय त्याच दिशेनं ओढा, भोक लगेच खाली आणा, दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा, कमी झालेली हवा भरा आणि सात-आठ किलोमीटर सावकाश चालवा. पुन्हा मोजा. हवा टिकली तर ठीक. तरी पुढचे दोन-तीन दिवस रोज मोजायची. टिकली नाही तर पंक्चरच्या दुकानात जा, आणि खिळा मोठा असेल तर हवा टिकली तरी आतून पॅच लावून घ्या. रात्री, घाटात किंवा निर्जन रस्त्यावर असाल आणि खिळा असूनही हवा टिकून असेल, तर तो तिथं काढू नका. त्याच्यासकट सावकाश वस्तीपर्यंत या.

जेल असलेला टायर उघडायच्या आधी पंक्चरवाल्याला सांगणं हे आपलं काम आहे. आमच्या मामांनी एकदा ऐकवलं होतं, "सांगितलं असतंस तर फडकं हाताशी ठेवलं असतं की रे. माझा अर्धा तास गेला." ओल्या जेलवर सोल्युशन चिकटत नाही. पट्टीही तशीच घातली तर काही दिवसांत निसटते. भोक आणि आतली जागा पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून, घासून मगच पॅच लावायचा. या जास्तीच्या कामाचे दहा-वीस रुपये जास्त मागितले तर द्यावेत, ते रास्त आहेत.

इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये मोटर मागच्या चाकातच असेल तर चाक काढणं किचकट असतं, वायर सोडवाव्या लागतात. अशा गाडीला जेलचा फायदा सगळ्यात जास्त होतो असं माझं मत आहे.

जेलचं आयुष्य बाटलीवर लिहिलेलं असतं, बहुतेकांचं एक ते दोन वर्षं. भरलेली तारीख आणि माप मी एका चिठ्ठीवर लिहून टूलकिटच्या पिशवीत ठेवतो. मुदत संपल्यावर जुन्यावर नवं ओतू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची जेलं एकत्र आली तर गुठळ्या होऊ शकतात. टायर काढून, पाण्यानं धुऊन, रिमवर गंज आहे का बघून मगच नवीन भरा. हे पाणी गटारात सोडू नका. आपल्याकडचे नाले शेवटी पंचगंगेलाच मिळतात. ग्लायकॉलच्या काही प्रकारांची चव गोडसर असते आणि ते विषारी असतात, त्यामुळं सांडलेलं जेल चाटून कुत्रं मरू शकतं. जुनं जेल आणि धुण्याचं पाणी प्लॅस्टिकच्या डब्यात साठवायचं, झाकण घट्ट लावायचं, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायचं, आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये ते घेतील का विचारून द्यायचं.